घर बघायला मे महिन्यात जा

प्रश्न : जुळे सोलापुरात एकाच इमारतीत दोन फ्लॅट बघितले. सर्वांत वरच्या मजल्याचा दोन लाखांनी स्वस्त आहे. घ्यावा का?

उत्तर : मे महिन्यात रात्री नऊ वाजता त्या घरी जा, स्टुलावर चढा आणि स्लॅबला तळहात टेकवा. चटका बसला तर समजा, दोन लाख कशाचे कमी झालेत. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा ४२-४३ अंशांवर जातो. स्लॅब दिवसभर तापतो आणि ती धग रात्रभर घरात उतरते. जुन्या पेठांतल्या माळवदाच्या घरात छतावरचा मातीचा जाड थर हीच धग अडवायचा. कूलर लावू म्हणाल, तर कूलरला पाणी लागतं, आणि उन्हाळ्यात नळाची वाट किती दिवस बघावी लागते हे सोलापूरकराला मी काय सांगू! गच्चीवर पांढऱ्या फरश्या किंवा चुन्याचा थर दिला की फरक पडतो. पण गच्ची सोसायटीची असते, म्हणून परवानगी सौद्याआधी लेखी घ्या. ती मिळाली तर फ्लॅट जरूर घ्या.

प्रश्न : आदिला नदीकाठचा प्लॉट शेजारच्या वसाहतीपेक्षा बराच कमी भावात मिळतोय. एजंट म्हणतो, सोलापुरात पाऊसच कुठे पडतो?

उत्तर : हे ऐकून मला काळजी वाटते. आपला जिल्हा अवर्षणप्रवण खरा, पण पडतो तेव्हा दोन रात्रींत पडतो. ऑक्टोबर २०२० चा पूर आठवा. सप्टेंबर २०२५ मध्ये सीना नदीनं गावंच्या गावं वेढली, तेही आठवा. आदिलेचं दुखणं आणखी वेगळं : हिप्परगा तलाव भरला की सांडव्याचं पाणी तिच्यातच येतं, म्हणजे तुमच्या दारात ऊन असतानाही नदी चढू शकते. आजूबाजूच्या कंपाउंडच्या भिंती नीट बघा. खालचा तीन-चार फुटांचा पट्टाच नव्यानं रंगवलेला दिसला, तर तो का रंगवला ते विचारा. एजंटला नको, जवळच्या पिठाच्या गिरणीत विचारा. निळी आणि लाल पूररेषा नकाशावर तपासा; निळीच्या आत नेहमीचा मोठा पूर येतो, लाल ही त्याहून मोठ्या, क्वचित येणाऱ्या पुराची हद्द. प्लॉट निळ्या रेषेच्या आत असेल तर फुकट मिळाला तरी घेऊ नका.

प्रश्न : पाणी साचणाऱ्या भागात रेडीरेकनरचा (सरकारनं ठरवलेला जागेचा) दर कमी असतो का?

उत्तर : तसा नियम नाही. दर विभागवार ठरतो आणि मुद्रांक शुल्क त्यावर किंवा करारातल्या रकमेवर, जे जास्त असेल त्यावर लागतं. साचणाऱ्या पाण्याची सूट तुम्हालाच घासाघीस करून मिळवावी लागेल.

प्रश्न : विजापूर रोडकडच्या प्लॉटला हात जाईल एवढ्या भेगा आहेत. मालक म्हणतो, पावसात बुजतील.

उत्तर : बुजतील, आणि पुढच्या उन्हाळ्यात परत पडतील. काळी माती पावसात फुगते, उन्हात आकसते आणि वरची भिंत तिच्याबरोबर हलते. खड्डा घेऊन मुरूम किती फुटांवर लागतो ते बघा. पाया तिथपर्यंत न्यायचा खर्च इंजिनिअरकडून काढून घ्या आणि तो आकडा मालकापुढे ठेवूनच भाव बोला.