आजारपणात कुठली व्यवस्था बरी, ब्रिटनची की भारताची? दोन्हीकडे राहिलेल्यांचा अनुभव काय?

मोठं, जिवावरचं दुखणं असेल तर मी डोळे झाकून ब्रिटनची एनएचएस, म्हणजे तिथली सरकारी आरोग्यसेवा म्हणेन. 1948 पासून तिथे रुग्णालयाच्या दारात पैशांचा विषय निघत नाही. नवऱ्याच्या छातीत रात्री दुखायला लागलं, 999 ला फोन केला, अँजिओप्लास्टी झाली, घरी आलो. बिलाचा कागदच नाही. पुण्यात सासऱ्यांना याच त्रासासाठी नेलं तेव्हा आधी डिपॉझिट भरायला सांगितलं. ते स्ट्रेचरवर आणि मी बिलिंगच्या खिडकीपाशी. असं कुणावरच येऊ नये.

फुकट मात्र समजू नका. पगारातून कर जातोच, शिवाय नोकरीच्या व्हिसावर येणाऱ्यांना वर्षाला 1,035 पौंड आरोग्य अधिभार पडतो आणि तोही व्हिसाच्या सगळ्या वर्षांचा आगाऊ. औषधांना इंग्लंडमध्ये पैसे पडतात, स्कॉटलंड-वेल्समध्ये नाही.

गुडघा, मोतीबिंदू, त्वचेच्या तक्रारी यांत मात्र पुणं कितीतरी सरस. ब्रिटनमध्ये आधी जीपी, म्हणजे आपला फॅमिली डॉक्टर, मग त्याची चिठ्ठी, मग वाट बघणं. 18 आठवड्यांत उपचार सुरू व्हावेत असं उद्दिष्ट आहे, पण लाखो लोक त्याहून जास्त थांबलेले असतात. पुण्यात पैसे असले तर सकाळी एमआरआय, संध्याकाळी रिपोर्ट.

आईवडील भारतात असतील तर त्यांचा मेडिक्लेम साठीच्या आतच काढा, आणि घराजवळ कॅशलेस कुठे चालतं ते आजच विचारून ठेवा.