मासे चिमूटभर खातात, बाकीचं मीटर खातं

प्रश्न: वय ३६, मुलुंड पूर्वेला चौथ्या मजल्यावर वन बीएचके. आम्हा दोघांचा मिळून हातात येणारा पगार १ लाख ३५ हजार. गृहकर्जाचा हप्ता ४६ हजार, घरखर्च शाळेच्या फीसकट ५२ हजार, एसआयपी १५ हजार. अडीअडचणीसाठी १ लाख ८० हजारांची एफडी आहे. लहानपणी तारापोरवाला मत्स्यालयात वडिलांचं बोट धरून फिरलो, तेव्हापासून घरी समुद्री टँक असावा असं मनात आहे. एका दुकानदाराने २०० लिटरचा रीफ टँक (माशांसोबत जिवंत पोवळी, म्हणजे कोरल असलेला) चिलरसकट, म्हणजे पाणी थंड ठेवणाऱ्या यंत्रासकट, १ लाख ४० हजारांना, बारा महिन्यांच्या ‘नो कॉस्ट’ हप्त्यांवर देऊ केला आहे. देखभालीचे महिना २,५००. तो म्हणतो, मी निवडलेले मासे आठवड्यातून दोनदा चिमूटभर खातात, तेव्हा पुढे खर्च नाहीच. बायको म्हणते, मालवणी माणसाने मासे खायचे असतात, पाळायचे नसतात. हप्ते घ्यावेत की एफडी मोडावी?

उत्तर: आधी वहिनींना नमस्कार सांगा. त्यांचं म्हणणं मला मान्य नाही, पण हिशेब त्यांच्या बाजूने पडतो आहे.

तुम्ही मला दोनच पर्याय दिलेत आणि मला दोन्ही नापसंत आहेत. पण त्यांच्याकडे वळण्याआधी त्या ‘पुढे खर्च नाहीच’ या वाक्याकडे पाहू, कारण तुमचा सगळा निर्णय त्याच्यावर उभा आहे. मासे थोडं खातात हे खरं आहे. दोन क्लाउनफिश आणि एखादा गोबी यांना महिन्याला दीडशे रुपयांचाही खाऊ लागत नाही. मात्र रीफ टँकमध्ये जेवणारे फक्त मासे नसतात. कोरलला खायला घालावं लागत नाही, असं दुकानदार कौतुकाने सांगतात. का लागत नाही? कोरलच्या शरीरात सूक्ष्म शैवाल राहतं, ते प्रकाशावर अन्न तयार करतं आणि त्यातलं बरंचसं कोरलला मिळतं. समुद्रात तो प्रकाश सूर्य फुकट देतो. तुमच्या हॉलमध्ये तो महावितरण देणार. दगडांवर वाढणारे जिवाणू माशांच्या घाणीतला अमोनिया पचवतात, त्यांना अखंड वाहतं, प्राणवायू असलेलं पाणी लागतं. म्हणजे पंप रात्रंदिवस चालू. थोडक्यात, तुम्ही डब्यातून चिमूटभर घालणार आणि प्लगमधून बादलीभर.

आता आकडे. तुम्ही पत्रासोबत दुकानदाराचं कोटेशन आणि विजेचं बिल जोडलं आहे. कोटेशनमधली यंत्रं धरतो: मुख्य पंप २५ वॅट, पाणी हलतं ठेवणारे दोन वेव्हमेकर मिळून २० वॅट, फेसाबरोबर घाण काढणारा स्किमर १५ वॅट, हे चोवीस तास. दिवा ९० वॅट, रोज नऊ तास. एवढ्यांचे रोजचे सव्वादोन युनिट झाले. चिलर २०० वॅटचा, वर्षाच्या सरासरीने रोज दहा तास धरला तर आणखी दोन. महिन्याला १२७ युनिट. तुमचं घर आधीच ३०० युनिटांच्या पुढे जातं असं बिलावरून दिसतं, म्हणजे हे सगळे युनिट वरच्या, महाग टप्प्यात बसणार. हिशेबासाठी युनिटला कमीत कमी १२ रुपये घेतो. झाले १,५३० रुपये.

मीठ. समुद्राच्या पाण्यात लिटरला साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. आठवड्याला वीस लिटर पाणी बदललंत तर महिन्याला तीन किलो मीठ. तुमच्या कोटेशनमध्ये किलोला ३५० लिहिले आहेत, म्हणजे हजार रुपये. पत्राच्या तळाशी तुम्ही विचारलं आहे की मरीन ड्राइव्हवरून कॅन भरून आणले तर? नको. या शहराचं सांडपाणी त्याच समुद्रात जातं. नळाचं पाणी शुद्ध करणाऱ्या आरओ-डीआय यंत्राचे फिल्टर, पाण्याच्या चाचण्यांची किट, कार्बन, कोरलसाठीचं कॅल्शियम वगैरेचे महिना ८०० धरा. देखभालीचे २,५००. खाऊचे १५०.

बेरीज ५,९८०. महिन्याला सहा हजार म्हणू. पाच वर्षांत ३ लाख ६० हजार, आणि त्यातला खाऊ अवघा नऊ हजारांचा. दुकानदाराने तुम्हाला जो खर्च वाचवून दाखवला तो एकूण खर्चाचा अडीच टक्के आहे. शिवाय नीट सांभाळलेला क्लाउनफिश दहा वर्षं सहज जगतो, त्याहून जास्त जगल्याचीही उदाहरणं आहेत. मुलगी दहावीला जाईल तेव्हाही हा माणूस, म्हणजे मासा, घरात असेल.

कमी खाऊचा फायदा अजिबात नाही असं मात्र नाही. तो दुसऱ्याच खात्यात जमा होतो. जे अन्न टाकीत पडतं, ते खाल्लं जावो की न जावो, शेवटी नायट्रेट आणि फॉस्फेट होऊनच राहतं, आणि ते वाढलं की काचेवर, दगडावर शेवाळ धरतं. मासे मोजके आणि खाऊ बेताचा असेल तर आठवड्याऐवजी पंधरा दिवसांनी पाणी बदललं तरी चालतं, म्हणजे मिठाचे पाचशे वाचले. पण हात फारच आखडला तर उलटं होतं. नायट्रेट-फॉस्फेट शून्यावर गेले की कोरल फिकट पडायला लागतात आणि डायनोफ्लॅजेलेट नावाचा तपकिरी, बुडबुडे धरणारा चिकट थर माजतो. तो घालवायला लागणारा वेळ आणि पैसा पाहिला की वाचवलेला खाऊ आठवतो. तेव्हा आठवड्यातून दोनदा नव्हे, रोज एकदा, मासे मिनिटभरात फस्त करतील एवढंच घाला. जास्त घालण्याचं काय होतं ते मी स्वतः पाहिलं आहे. काही वर्षांपूर्वी माझाही एक छोटा टँक होता. गणपतीला आठ दिवस गावी गेलो आणि शेजारच्या काकांना डबा देऊन गेलो. काकांनी प्रेमाने रोज मूठभर घातलं. परत आलो तेव्हा जिन्यातच वास आला. दार उघडलं तर टाकीत ताकासारखं पांढरं पाणी, आणि वर उताणा तरंगणारा एकुलता एक गोबी. न खाता मासे आठवडाभरही तगले असते.

तुम्हीही गणपतीला मालवणला जाणार, म्हणून सांगतो: मागे खाऊपेक्षा पाण्याची काळजी जास्त. उघड्या टाकीतून रोज दोन-तीन लिटर पाणी उडून जातं, मीठ मागे राहतं, आणि खारटपणा चढत जातो. उडालेल्या पाण्याच्या जागी गोडं पाणी आपोआप भरणारं टॉपअपचं यंत्र कोटेशनमध्ये मला दिसलं नाही. ते आधी मागा. आणि बॅटरीवर चालणारा एक हवेचा पंप घरात ठेवा. मुंबईत वीज जात नाही म्हणतात, पण १२ ऑक्टोबर २०२० ला सकाळीच सगळं शहर बंद पडलं होतं ते विसरू नका.

माशांची यादी. क्लाउनची जोडी उत्तम. तमिळनाडूतल्या मंडपमच्या सागरी मत्स्य संशोधन केंद्रात त्यांची पैदास कधीचीच जमली आहे, तेव्हा समुद्रातून पकडलेला घेऊ नका, पैदाशीतलाच मागा. गोबी चांगला. शेवाळ खाणारा ब्लेनीही चालेल, फक्त शेवाळ संपलं की त्याला नोरीचा तुकडा लागतो हे लक्षात ठेवा. मँडरिन मात्र नको. दुकानदाराने त्याच्यापुढे ‘खाद्य लागत नाही’ असं लिहिलं आहे. लागतं. तो दिवसभर दगडांवरचे कोपेपॉड नावाचे बारीक जीव टिपत फिरतो, नव्या टाकीत ते पुरेसे नसतात, आणि काही आठवड्यांत तो डोळ्यांदेखत वाळत मरतो. टँग हा सतत पोहणारा मासा, तो तीन फुटांच्या टाकीत ठेवू नये.

कोरलबद्दल एक कायद्याची गोष्ट. आपल्या समुद्रातली सगळी कठीण पोवळी वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहेत. ‘गुजरातहून आलंय’, ‘रामेश्वरमचं आहे’ असं सांगत कुणी बादलीतून लाइव्ह रॉक, म्हणजे समुद्रातला जिवांसकट दगड, दाखवला तर तिथून निघा. ज्याचं बिल मिळत नाही ते घरात आणू नका. तिथे प्रश्न नुसत्या पैशांचा राहत नाही.

आता तुमचे दोन पर्याय. ‘नो कॉस्ट’ हप्त्यात व्याज असतंच, ते सवलतीच्या रूपाने वळतं केलेलं असतं. त्या व्याजावरचा १८ टक्के जीएसटी तुमच्याकडूनच जातो, वर प्रक्रिया शुल्क. रोख दिले तर किती कमी करता, एवढं विचारून पाहा. बहुतेक वेळा तिथेच उत्तर मिळतं. तुमच्या हातात महिन्याला २२ हजार उरतात. हप्ता ११,६६७ आणि टाकीचा चालू खर्च सहा हजार वजा केला की उरले जेमतेम ४,३००. एक दाताचं दुखणं, एक फ्रिज, संपलं.

आणि एफडी मोडणं तर नाहीच. हप्ता आणि घरखर्च मिळून तुमचे महिन्याला ९८ हजार जातात. १ लाख ८० हजार म्हणजे दोन महिनेही नाहीत. दोघांच्या नोकऱ्या खाजगी, घर कर्जावर, मूल लहान. ही रक्कम वाढवायची आहे, तिच्यात मासे सोडायचे नाहीत. खरं सांगायचं तर तुमच्या पत्रात मला टाकीपेक्षा याचीच जास्त काळजी वाटली.

मग छंद सोडायचा का? नाही हो. मुंबईत चिलर गाळून स्वस्त रीफ टँक करता येत नाही; मे महिन्यात खोलीत ३२ अंश असतात आणि कोरल तिशीच्या पुढे तग धरत नाहीत. पण कोरलच गाळता येतात. शंभर-सव्वाशे लिटरची, फक्त माशांची टाकी करा. क्लाउन सुखी राहायला अ‍ॅनिमोनी (समुद्रात तो ज्या फुलासारख्या प्राण्यात राहतो तो) लागत नाही. कोरडे दगड, छोटा पंप, एक वेव्हमेकर, तीस वॅटचा दिवा आणि पाण्यावर वारा घालणारा लहान पंखा. महिन्याला ३१ युनिट, म्हणजे ३७० रुपये. आठवड्याला दहा लिटर पाणी बदललं तर मीठ ५००, किरकोळ ३००, खाऊ तोच १५०. तेराशेच्या आसपास. देखभालीचा करार नको. रविवारी सकाळी तासभर बादली आणि पाइप घेऊन बसायचं काम बाहेरच्या माणसाला द्यायचं असेल, तर छंद त्याचा झाला. मुलीला खारटपणा मोजायला शिकवा, त्या वयात मुलांना मोजायला फार आवडतं.

पैसे असे उभे करा. एसआयपीला हात लावू नका. उरलेल्या २२ हजारांतले १५ हजार दरमहा वेगळ्या एफडीत किंवा लिक्विड फंडात. ५ हजारांची आरडी, टाकीच्या नावाने. नऊ महिन्यांत अडीअडचणीचा निधी ३ लाख १५ हजारांवर जातो, म्हणजे तीन महिन्यांचं घर चालतं, आणि आरडीत ४५ हजार व वर थोडं व्याज. टाकी तेवढ्यातच बसवायची. दिवाळीनंतर सुरुवात केलीत तर टाकी पावसाळ्यात उभी राहील, तोच तिला बरा काळ आहे. पहिला उन्हाळा येईपर्यंत जिवाणू आणि तुम्ही दोघंही मुरलेले असाल. पाणी भरल्यावर चार ते सहा आठवडे टाकी रिकामीच चालवायची असते, मग जोडी, मग महिन्याभराने गोबी. टाकीलाच घाई चालत नाही. दुकानदाराच्या हप्त्यात मात्र सगळी यंत्रं पहिल्या दिवशी घरात येतात आणि मासे यायच्या आधी एक-दोन हप्ते गेलेले असतात.

वर्षभर ही टाकी स्वतः सांभाळलीत, एक मे पार पडला आणि निधी पाच महिन्यांच्या खर्चाएवढा झाला, तर कोरलचा विषय पुन्हा काढू. मोठी टाकी घ्यायची झालीच तर २०० लिटर पाणी, दगड, काच आणि कपाट मिळून ३०० किलोंच्या पुढे जातं, तेव्हा ती बीमवरच्या भिंतीला लागून ठेवायची आणि सोसायटीच्या सचिवांच्या कानावर आधी घालायची. तिसऱ्या मजल्यावरच्यांचं छत तुमच्या सिलिकॉनच्या जोडावर अवलंबून आहे.

या रविवारी पैसे घरी ठेवून कुर्ल्याच्या मासळीबाजारात, म्हणजे पाळायच्या माशांच्या, एक चक्कर मारा आणि रोखीचे भाव वहीत लिहून आणा. दुकानदाराकडून कोटेशन सुटं करून घ्या, प्रत्येक यंत्राची किंमत वेगळी. आणि त्यातली मँडरिनची ओळ आजच खोडा.