ग्रँड कॅनियन: आई-बाबांना कोणत्या महिन्यात न्यावं?

तुमचा प्रश्न असा आहे: आई-बाबा ऑगस्ट ते जानेवारी फिनिक्सला तुमच्याकडे आहेत, बाबांचे गुडघे दुखतात, तर ग्रँड कॅनियन कधी दाखवावं? मीही फिनिक्सलाच राहते आणि चारही ऋतूंत तिथे जाऊन आले आहे. माझं उत्तर: डिसेंबरचा पहिला पंधरवडा, आणि एका रात्रीचा मुक्काम करूनच.

कारण गुडघ्यांचंच आहे. दक्षिण काठावर हर्मिट रोड नावाचा ११ किलोमीटरचा रस्ता दरीच्या कडेकडेने जातो. मार्च ते नोव्हेंबर तिथे खासगी गाड्यांना बंदी असते आणि शटल बसमध्ये सारखं चढ-उतर करावं लागतं. १ डिसेंबर ते फेब्रुवारीअखेर मात्र स्वतःची गाडी नेता येते. प्रत्येक पॉइंटला गाडी लावायची, हवं तितकं थांबायचं. होपी पॉइंटवरून समोर जो सपाट माथ्याचा मोठा डोंगर दिसतो त्याचं नाव शिवा टेंपल. क्लॅरेन्स डटन या भूशास्त्रज्ञाने १९व्या शतकात अशी नावं दिली. ब्रह्मा आणि विष्णूही आहेत, आणि तळाशी असलेल्या सुमारे १७० कोटी वर्षांच्या काळ्या खडकालाही विष्णूचंच नाव आहे. बाबांना हे तिथे उभं राहून सांगा.

दुसरं कारण उजेडाचं. भर दुपारी, विशेषतः उन्हाळ्यात, दरी सपाट दिसते, रंगवलेल्या पडद्यासारखी. डिसेंबरात सूर्य दिवसभर खालून जातो आणि प्रत्येक कड्याची सावली पडते, त्यामुळे दीड किलोमीटरची खोली डोळ्यांना कळते. सूर्योदय साडेसातच्या सुमारास, सूर्यास्त सव्वापाचला. म्हाताऱ्या माणसांना पहाटे चारला उठवावं लागत नाही. म्हणूनच मुक्काम म्हणते. सकाळी निघून चार तास गाडी चालवून दुपारी पोचलात आणि संध्याकाळी परतलात, तर नेमके चांगले तास हुकतात.

थंडीची तयारी मात्र पक्की करा. ॲरिझोना म्हणजे वाळवंट या समजुतीत लोक पातळ कपड्यांत येतात. दक्षिण काठ ७००० फुटांवर आहे आणि डिसेंबरात रात्री पारा शून्याखाली जातो. कानटोपी, मोजे, जाड जॅकेट न्या. बर्फ पडून गेला असेल तर सावलीतली पायवाट काचेसारखी होते. अशा वेळी बाबांना गाडीजवळच्या कठड्यापर्यंतच न्या, पायवाटेवर चालवू नका. निघण्याआधी पार्कच्या संकेतस्थळावर रस्ते आणि वेबकॅम बघा. एका जानेवारीत मी पोचले तेव्हा दरी ढगांनी काठोकाठ भरलेली होती. समोर नुसती पांढरी भिंत. तासाभराने ढगात एक भोक पडलं, त्यातून लाल कड्याचा तुकडा दिसला, मग दुसरा. ती सकाळ मी आजही विसरलेले नाही, पण एकच दिवस हातात असणाऱ्यांचं त्यात नुकसान होतं.

ऑगस्टमध्ये नेऊ नका. तेव्हा इथला पावसाळा असतो, इथली माणसंही त्याला मॉन्सूनच म्हणतात. सकाळी लख्ख ऊन, दुपारी विजा. दक्षिण काठावरच्याच डेझर्ट व्ह्यू या ठिकाणच्या मनोऱ्याजवळ उभी असताना एकदा मी पलीकडच्या काठावर एकच काळा ढग पाहिला. त्याच्या खाली पावसाचे करडे पदर लोंबत होते आणि जमिनीला टेकण्याआधीच विरत होते. आमच्यावर ऊन होतं. मग वारा फिरला आणि ओल्या ज्युनिपरच्या झाडांचा वास आला. फार सुंदर असतं ते, पण विजा जवळ आल्या की कठड्यापासून लगेच गाडीत जावं लागतं, आणि दुखऱ्या गुडघ्यांना ती घाई झेपत नाही.

डिसेंबर जमतच नसेल तर ऑक्टोबर. हवा छान असते, गर्दी ओसरलेली असते. चालायला त्रास होणाऱ्यांसाठी पार्क एक मोफत परवाना देतं, त्यावर हर्मिट रोडला तेव्हाही स्वतःची गाडी नेता येते. प्रवेशद्वारावरच मागा. नाताळ ते नवीन वर्षाचा आठवडा टाळा. उत्तर काठाचा विचार सोडा. तो हिवाळ्यात बंद असतो आणि २०२५च्या जुलैतल्या वणव्यात तिथलं जुनं लॉजही जळून गेलं. काचेचा स्कायवॉक हवा असेल तर तो इथे नाही, तो लास वेगासच्या बाजूला हुआलपाई लोकांच्या जमिनीवर आहे.

तुम्हाला स्वतःला खाली उतरायचं असेल तर एवढं ध्यानात ठेवा: गडावर आधी चढण असते, दमलो की मागे फिरतो. इथे आधी उतरण, आणि चढायला दुप्पट वेळ लागतो.

हर्मिट रोडवरच्या पिमा पॉइंटला गाडी बंद करून पाच मिनिटं कुणी बोलू नका. वारा पडलेला असेल तर खालून कोलोरॅडो नदीचा आवाज ऐकू येतो. तिथून पुढे रस्ता संपतो तिथे हर्मिट्स रेस्ट आहे, वास्तुकार मेरी कोल्टरने १९१४ साली बांधलेलं दगडी घर. आत भलीमोठी शेकोटी आहे. आई-बाबांना तिथे निवांत बसू द्या.

काठावरच्या खोल्या लवकर भरतात, त्यामुळे बुकिंग आजच बघा.