पहिलटकरणीला, मनापासून

अगं, बाळ रडतंय म्हणजे तुझंच काहीतरी चुकतंय, हे आधी डोक्यातून काढून टाक. साधारण सहाव्या आठवड्याच्या सुमारास बाळांचं रडणं सगळ्यात जास्त असतं, मग हळूहळू ओसरतं. मला हे कुणी सांगितलंच नव्हतं. थोरल्याच्या वेळी दिवस कलला की माझ्या पोटात गोळा यायचा. त्याच्या मुठी घट्ट आवळलेल्या, चेहरा लालबुंद, आणि मी त्याला खांद्यावर टाकून दारापासून खिडकीपर्यंत येरझाऱ्या घालत स्वतःही रडायचे.

दिवसरात्रीत ८ ते १२ वेळा पाजावं लागणं अगदी नेहमीचं आहे. ‘दूध पुरत नाही वाटतं’ असं कुणी म्हणालं तर मनाला लावून घेऊ नकोस. वजन वाढतंय का, पहिल्या आठवड्यानंतर दिवसाला निदान ६ लंगोट ओले होतात का, एवढं बघ.

उगाच डोळे भरून येणं बहुधा २ आठवड्यांत निवळतं. त्यापुढेही मन उठत नसेल, तर डॉक्टरांना स्पष्ट सांग. मी चार महिने लपवलं. ते दिवस आठवले की अजून गलबलतं.

आणि नवऱ्याला ‘मदत कर’ म्हणू नकोस, मूल त्याचंही आहे. ढेकर काढणं, झोपवणं त्याच्याकडे सोपव आणि त्याच्या पद्धतीने करू दे. थोरल्याच्या वेळी मी मागे उभी राहून टोकत राहिले, शेवटी त्याने हातच काढून घेतला. धाकटीच्या वेळी मी खोलीबाहेर जाऊन बसले. तो तिला मांडीवर घेऊन हळू आवाजात पाढे म्हणायचा. सातच्या पाढ्यापर्यंत ती झोपलेली असायची.