वाचकांचे प्रश्न : सकर मासा तलावात सोडावा का?

प्रश्न : काचेवरचे शेवाळ खाण्यासाठी आम्ही दोन बोटांएवढा सकर मासा आणला होता. तो आता फूटभर झाला असून शेपटीच्या फटकाऱ्याने टाकीतील रोपे उपटतो. त्याला सिरपूर तलावात सोडावे, म्हणजे त्याचा जीव वाचेल आणि तलावातले शेवाळही कमी होईल, असे घरच्यांचे म्हणणे आहे. ते योग्य आहे का?
— एक वाचक, रामबाग, इंदूर

उत्तर : कृपया सोडू नका. सकर हा मूळचा दक्षिण अमेरिकेतील नद्यांचा मासा. अंगावर हाडांच्या तकटांचे चिलखत आणि परांना ताठ काटे असल्यामुळे मोठ्या सकरच्या वाटेला सहसा कोणी जात नाही. पाण्यातील प्राणवायू कमी पडला, तर तो वर येऊन हवा गिळतो आणि जठराच्या भिंतीतून ती शोषून घेतो. त्यामुळे जिथे रोहू तडफडेल अशा घाण पाण्यातही तो तग धरतो. शेवाळ तो खातो, हे खरे. परंतु स्थानिक माशांच्या तोंडचा घास पळवून आणि तळाचा गाळ उकरून खातो, त्यामुळे तलाव स्वच्छ होण्याची आशा व्यर्थ आहे. विणीच्या काळात नर काठाच्या मातीत खोल बिळे करतो, मादी त्यांत शेकडो अंडी घालते आणि नर त्यांची राखण करतो. बिळे वाढली की काठ ढासळू लागतात. कोळ्यांची जाळी याच्या काट्यांत अडकून फाटतात ती वेगळीच, आणि एवढे करून बाजारात त्याला गिऱ्हाईक नाही.

एकट्या माशाची वीण होणार नाही, हे मान्य. पण टाकी असलेल्या घरोघरी ‘आमचा एकच तर आहे’ हेच म्हटले जाते. पूर्व कोलकात्याच्या पाणथळींत सकरने बस्तान बसवले आहे आणि २०२० मध्ये तो वाराणसीजवळ गंगेतही सापडला. सिरपूर तलाव २०२२ पासून रामसर यादीत, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळींच्या यादीत आहे. खान नदीत सोडण्याचा विचारही नको, कारण खान क्षिप्रेला, क्षिप्रा चंबळेला आणि चंबळ यमुनेला मिळते.

ज्या दुकानातून मासा आणला तिथे आधी विचारा. काही दुकानदार मोठे सकर परत घेतात. नाहीतर मोठी टाकी असलेल्या एखाद्या हौशी माणसाला द्या. नेताना जाळी वापरू नका, काटे तिच्यात अडकतात. झाकणाच्या बादलीत टाकीचेच पाणी घेऊन न्या.