खाट एकटीनं उचलायची नसते

इंग्लंडमधल्या लेस्टरहून एका भगिनीचं पत्र आलं आहे. त्या मूळच्या नगरच्या. यजमानांना अन्ननलिकेचा कॅन्सर आहे, चार केमो झाल्या आहेत आणि आता मोठं ऑपरेशन ठरलं आहे. त्या लिहितात: "ताई, आम्ही कुणालाच सांगितलेलं नाही. मराठी ख्रिस्ती मंडळीच्या उपासनेला महिन्यातून एकदा जातो, तिथे 'हे जरा बारीक झालेत' एवढंच म्हणते. कळलं तर लोक म्हणतील, यांचा विश्वास उणा पडला. सासूबाईंना ॲसिडिटी सांगितली आहे, खरं त्यांना सहन होणार नाही. मी रात्री एकटीच प्रार्थना करते, पण शब्द येत नाहीत, देवाचा राग येतो. हे पाप आहे का? मुलांना किती सांगू? नोकरीत रजा मिळेल का?"

पत्र वाचताना पोटात तुटलं. तुमच्यावर काय गुदरलं आहे ते या देशात माहेर-सासर मागे सोडून आलेल्या प्रत्येकीला कळेल. तरीही "कुणालाच सांगितलेलं नाही" या वाक्यावरून मी तुमच्याशी भांडणार आहे. हे सदर नियमित वाचणाऱ्यांना ठाऊक आहे की या विषयावर मी थांबत नाही. थांबणारही नाही, कारण परदेशातल्या आपल्या घरांत आजार लपवण्यानं जी माणसं मोडली ती मी पाहिली आहेत.

मार्कच्या शुभवर्तमानाच्या दुसऱ्या अध्यायातला कफर्णहूमचा पक्षाघाती आठवा. चौघांनी त्याला उचलून आणलं, गर्दीमुळे दारातून जाता येईना, तेव्हा ते छपरावर चढले. ते घर आपल्या नगरकडच्या धाब्याच्या घरासारखं असणार, वर माती, खाली लाकडं. त्यांनी ते उकरलं आणि खाट खाली सोडली. येशूनं त्या चौघांचा विश्वास पाहिला. खाटेवरच्या माणसानं तोंडातून शब्द काढल्याचं मार्क लिहीत नाही. लहानपणापासून आपण हे ऐकत आलो, आणि आपल्यावर वेळ आली की चारही कोपरे एकटीनं धरायला धावतो! तुम्ही आज नेमकं तेच करताय. वर स्वतःलाच विचारताय, माझा विश्वास कमी पडतोय का. अहो, कमी पडत आहेत ते हात.

माझ्या वडिलांचं पोटाचं ऑपरेशन ठरलं तेव्हा आम्ही नगरलाच होतो. त्या काळी 'कॅन्सर' शब्द घरातसुद्धा कुणी उच्चारत नसे. रविवारी उपासना संपल्यावर आई उभी राहिली आणि म्हणाली, "यांना कॅन्सर आहे. मला रात्रीला दोन बायका लागतील, आणि पोरींना शाळेत सोडायला कुणीतरी." बस, एवढंच. तिनं रडून सांगितलं नाही, प्रार्थनेची विनंतीसुद्धा वेगळी केली नाही. त्या संध्याकाळपासून आमच्या घरात भाकऱ्या कुठून येत होत्या ते मला आजही सांगता येणार नाही. वडील गेले ते पुढे अनेक वर्षांनी, वयानं.

आणि माझी एक नणंद, अमेरिकेत. तिनं यजमानांचा आजार शेवटपर्यंत 'अल्सर' म्हणून निभावला. केमोला नेणं-आणणं, नोकरी, दोन मुलं, सगळं एकटीनं. यजमान गेले आणि महिन्याभरात ती स्वतः अंथरुणाला खिळली. मंडळीतल्या बायका नंतर रडून म्हणाल्या, आम्हाला एक फोन केला असता तर! त्यांना दोष कोण देणार? दुखणाइतानं मंडळीच्या वडीलधाऱ्यांना बोलवावं, असं याकोब आपल्या पत्रात लिहितो. बोलावणं आपल्याकडून जायचं असतं, त्यांना स्वप्न पडत नाही.

आधी यजमानांना विचारा. बातमी त्यांची आहे. ते कां-कूं करतील, तेव्हा मार्कचा तो अध्याय त्यांनाच मोठ्यानं वाचायला लावा. मग चार माणसं निवडा, सगळ्या मंडळीला एकदम सांगायची गरज नाही. एकीकडे फोन द्या: ऑपरेशनच्या दिवशी सगळ्यांना निरोप तीच पाठवील, व्हॉट्सॲपवर 'काय झालं?' विचारणाऱ्यांना तुम्ही उत्तर देणार नाही. दुसऱ्यानं मुलांची शाळा आणि रात्र बघायची. तिसरीकडे स्वयंपाक, तोही तुमच्या आणि मुलांच्या पोटासाठी. यजमानांना सुरुवातीला तोंडानं काही मिळणार नाही, तेव्हा प्रेमापोटी कुणी बिर्याणीचं पातेलं वॉर्डात आणू नये हेही तिनंच सगळ्यांना बजवायचं. चौथी व्यक्ती तुमच्या शेजारी बसेल. तिनं बोललंच पाहिजे असं नाही.

कारण तो दिवस लांबलचक असतो. अन्ननलिकेचा रोगट भाग काढतात, जठराची नळी करून ती छातीत वर ओढतात आणि जोडतात. सहा ते आठ तास सहज लागतात, शिवाय भूल आणि नंतरची देखरेख वेगळी. फोन वाजला नाही म्हणजे वाईट घडलं, असं धरू नका. अतिदक्षता विभागात पहिल्यांदा बघाल तेव्हा छातीतून, नाकातून, हातातून नळ्या असतील. ते आधीच कळलेलं बरं, म्हणून विशेषज्ञ नर्सला ऑपरेशनपूर्वी सगळं विचारून घ्या, तिचं कामच ते आहे. जोड नीट बसेपर्यंत पोषण बहुधा आतड्यात घातलेल्या बारीक नळीतून देतात. सगळं सुरळीत झालं तर दहा-पंधरा दिवसांत घरी, पण अंगात पूर्वीची ताकद यायला कित्येक महिने. दिवसातून पाच-सहा वेळा थोडं थोडं खाणं, झोपताना उशाकडची बाजू उंच, झोपण्याआधी दोन-तीन तास काही नाही. आहारतज्ज्ञ सांगतील तसा मऊ भात, मुगाचं वरण. वजन घटेल, आणि "आणखी एक घास" म्हणून आग्रह करणारी आपली माणसं तुम्हालाच आवरावी लागतील.

रुग्णालयात चॅप्लन, म्हणजे तिथले धर्मगुरू, असतात, हे आपल्या लोकांच्या लक्षातच येत नाही. वॉर्डातल्या नर्सला सांगितलं की ते येतात, प्रार्थना करतात, हवं तर तेल लावतात, प्रभुभोजन देतात. इंग्रजीतून होईल, होऊ द्या.

देवाचा राग येतो हे पाप नाही. अठ्ठ्याऐंशीवं स्तोत्र काढा. ते अंधारात सुरू होतं आणि अंधारातच संपतं, शेवटी आनंदाची ओळ नाही, तरी ते पवित्र शास्त्रात आहे. शब्द येत नसतील तर तेच म्हणा. आणि 'विश्वास उणा पडला' म्हणणारं कुणी भेटलंच, तर योहानाचा नववा अध्याय दाखवा. जन्मांधाला पाहून शिष्यांनी विचारलं, पाप कुणाचं, याचं की आईबापांचं? प्रभूनं दोन्ही नाकारलं. ऑपरेशन म्हणजे अविश्वास, असं म्हणणाऱ्यांशी मी वाद घालत नाही. पौल ज्याला प्रिय म्हणतो तो लूक वैद्यच होता, आणि मिरजेच्या मिशन हॉस्पिटलात संस्थापक डॉ. वानलेसांच्या काळापासून आपल्या किती घरांतली माणसं प्रार्थना करूनच टेबलावर गेली.

मुलांना 'कॅन्सर' हाच शब्द सांगा, ती बाहेरून ऐकण्यापूर्वी. रजेचं म्हणाल तर एप्रिल २०२४ पासून इंग्लंड, स्कॉटलंड आणि वेल्समध्ये जवळच्या माणसाच्या शुश्रूषेसाठी वर्षाला एक आठवडा बिनपगारी रजेचा हक्क आहे, अगदी नोकरीच्या पहिल्या दिवसापासून. तेवढ्यानं भागणार नाही, तेव्हा वरिष्ठांशी आत्ताच बोला. कॅन्सरच्या रुग्णाला इंग्लंडमध्ये प्रिस्क्रिप्शनचे पैसे पडत नाहीत, त्या प्रमाणपत्राचा अर्ज डॉक्टरांच्या दवाखान्यात मिळतो. घेतला नसेल तर उद्याच घ्या.

राहिल्या सासूबाई. "त्यांना सहन होणार नाही" असं तुम्ही लिहिता. त्या बाईनं वैधव्य सोसलंय, मुलाला साता समुद्रापार पाठवलंय. मुलगा टेबलावर असताना त्याच्यासाठी गुडघे टेकण्याचा तिचा हक्क तुम्ही ॲसिडिटी सांगून काढून घेताय. ऑपरेशनच्या आधी सांगा, आणि ते मुलाच्याच तोंडून जाऊ द्या. आधी धाकट्या दिरांना किंवा तिथल्या पाळकांना कळवा, म्हणजे फोन येईल तेव्हा कुणीतरी त्यांच्याजवळ बसलेलं असेल. तुमच्याकडे सकाळ असताना लावा, तिकडे दुपार असते. रात्री लावू नका, मग त्यांना अख्खी रात्र एकटीनं काढावी लागेल.