मागचं दार उघडंच राहिलं : प्रायव्हेट डेटा आणि प्रॉपर्टी

या वेळचे बहुतेक प्रश्न एकाच गोष्टीभोवती फिरतात: क्लासमधला डेटा प्रायव्हेट ठेवायचा आणि तरी तो बाहेरच्यांना वापरू द्यायचा, हे साधायचं कसं? दरवेळी नवी ओळख करून द्यायला नको म्हणून उदाहरण एकच घेतो. ‘खाते’ नावाचा क्लास आणि त्यात ‘शिल्लक’ नावाचं प्रायव्हेट फील्ड, म्हणजे फक्त त्या क्लासच्या कोडलाच हात लावता येईल अशी डेटाची जागा. (नावं मुद्दाम मराठीत ठेवली आहेत. सी शार्प आणि पायथॉन ३ मध्ये देवनागरी नावं खरोखर चालतात. टीम ती चालवून घेईल का, ते मला विचारू नका.)

प्रश्न : सरांनी सांगितलं म्हणून फील्ड प्रायव्हेट केलं आणि लगेच त्याला पब्लिक गेटर (व्हॅल्यू वाचून देणारी मेथड) आणि सेटर (व्हॅल्यू बदलणारी मेथड) लिहिला. आता कोणीही वाचू शकतो, कोणीही बदलू शकतो. मग फील्ड सरळ पब्लिकच का ठेवू नये?

तुमची शंका रास्त आहे. सेटरमध्ये ‘आली ती व्हॅल्यू ठेवून दे’ एवढंच असेल तर तुम्ही कुलूप लावून किल्ली कुलपालाच लटकवली आहे.

तरीही दोन्ही अगदी सारखं नाही. समजा, एके दिवशी शिल्लक उणे ९०० निघाली. फील्ड पब्लिक असेल, तर ती व्हॅल्यू कोणी लिहिली हे शोधायला ‘खाते.शिल्लक’ जिथे जिथे वापरलंय त्या सगळ्या फाइल्स उघडाव्या लागतात. सेटर असेल तर तिथे एक ब्रेकपॉइंट (प्रोग्रॅम त्या ओळीवर थांबवणारी खूण) लावायचा आणि वाट बघायची. उद्या ‘शिल्लक शून्याखाली जाता कामा नये’ असा नियम आला, तर तो लिहायला जागाही एकच. चुकीची व्हॅल्यू आली की सेटरने एरर द्यावी. गुपचूप शून्य करून टाकणारे सेटर मी पाहिले आहेत आणि ते लिहिणाऱ्यांवरचा माझा राग अजून गेलेला नाही.

पण खरा मुद्दा याच्याही आधीचा आहे. शिल्लकेला पब्लिक सेटर हवाच कशाला? खात्यातली रक्कम कोणी बाहेरून ‘ठेवत’ नाही, पैसे जमा होतात किंवा काढले जातात. म्हणून ‘जमा’ आणि ‘काढ’ या दोन मेथड लिहा आणि शिल्लक बाहेरून फक्त वाचता येईल अशी ठेवा. सी शार्पमध्ये प्रॉपर्टी म्हणजे बाहेरून फील्डसारखी दिसणारी गेटर-सेटरची जोडी; तिचा गेटर पब्लिक आणि सेटर प्रायव्हेट ठेवायची सोय २००५ च्या २.० आवृत्तीपासून आहे. एडिटरच्या एका क्लिकवर बारा फील्डना बारा सेटर मिळतात. त्यातले खरोखर लागणारे बहुधा दोन-तीनच असतात.

प्रश्न : प्रॉपर्टी म्हणजे आतून मेथडच ना? मग वेगळी सोय कशासाठी?

हो, आतून मेथडच. सी शार्पचा कंपाइलर गेट आणि सेट अशा दोन वेगळ्या मेथड तयार करतो. वापरणाऱ्याला मात्र ते साधं फील्ड वाटतं. आयफेल भाषेचे कर्ते बर्ट्रांड मेयर यांनी यामागचं तत्त्व मांडलं आहे: एखादी गोष्ट साठवलेली आहे की मागितल्यावर मोजली जाते, हे वापरणाऱ्याला कळायची गरज पडू नये. आज शिल्लक साठवलेली असेल, उद्या ती व्यवहारांची बेरीज करून निघेल, बाहेरचा कोड तोच राहील. १९९५ च्या डेल्फी या भाषेत प्रॉपर्टी होत्या. तिचे शिल्पकार अँडर्स हेल्सबर्ग यांनीच पुढे सी शार्प घडवली, तेव्हा तिथेही त्या पहिल्या दिवसापासून आल्या.

मात्र फील्डसारखं दिसणारं फील्डसारखंच वागायलाही हवं. वाचायला वेळ लागत नसेल, वाचल्याने काही बदलत नसेल, तर प्रॉपर्टी करा. नेटवर्कवरून माहिती आणायची असेल, फाइल उघडायची असेल, तर मेथडच लिहा, म्हणजे नावापुढचा कंस बघून माणूस सावध होतो. हे मी ठेच लागून शिकलो. एका प्रॉपर्टीच्या गेटरमध्ये ‘पुढचा क्रमांक’ वाढवणारी ओळ होती. प्रोग्रॅम नुसता चालवला की क्रमांक बरोबर, डीबगरमधून (चालता प्रोग्रॅम थांबवून आत बघायचं साधन) बघितला की एकाने पुढे. डीबगरच्या खिडकीत व्हॅल्यू दाखवण्यासाठी डीबगर स्वतःच गेटर चालवत होता, हे लक्षात यायला अख्खी दुपार गेली.

प्रश्न : शिल्लक या प्रॉपर्टीला व्हॅल्यू दिली की प्रोग्रॅम बंद पडतो. ट्राय-कॅच लावूनही एरर पकडली जात नाही.

सेटरच्या आत तुम्ही फील्डऐवजी प्रॉपर्टीलाच व्हॅल्यू देताय. सेटर स्वतःला बोलावतो, तो पुन्हा स्वतःला, आणि स्टॅक (चालू मेथडच्या नोंदी ठेवायची मर्यादित मेमरी) भरतो. सी शार्प ज्यावर चालते त्या डॉटनेटमध्ये स्टॅक असा भरला की कॅचची वेळच येत नाही, प्रोसेस तिथेच संपते. फील्ड आणि प्रॉपर्टी यांच्या नावांत नुसता लहान-मोठ्या अक्षराचा फरक ठेवला की ही चूक हमखास होते. फील्डच्या नावाआधी अंडरस्कोअर लावा.

प्रश्न : खात्यातल्या व्यवहारांची लिस्ट प्रायव्हेट आहे. प्रॉपर्टीला फक्त गेटर आहे, सेटर नाही. तरी दुसऱ्या कोणाच्या तरी कोडमधून लिस्ट रिकामी झाली. हे कसं?

या वेळचा माझा सगळ्यात आवडता प्रश्न, कारण इथे भलेभले फसतात. गेटरने लिस्ट दिली नाही, लिस्टचा रेफरन्स, म्हणजे मूळ लिस्टचा पत्ता, दिला. सेटर काढल्यामुळे त्या जागी दुसरी लिस्ट ठेवणं तेवढं थांबलं. आहे ती रिकामी करणं, तीत भर घालणं, तिचा क्रम उलटवणं, हे सगळं रेफरन्स हातात असलेल्या कोणालाही करता येतं. पुढच्या दाराला कडी आणि मागचं सताड उघडं.

एक उपाय म्हणजे लिस्टची प्रत देणं. सुरक्षित आहे, पण लिस्ट मोठी असेल तर दर वाचनाला प्रत बनते. शिवाय त्या प्रतीत भर घालून ‘माझा व्यवहार दिसत का नाही’ असं विचारणारा एक जण निघतोच. दुसरा उपाय, फक्त वाचता येणारं वेष्टन देणं. जावामध्ये त्यासाठी अनमॉडिफायेबल लिस्ट आहे, सी शार्पमध्ये ॲज-रीडओन्ली आहे. हे वेष्टन प्रत नसतं. मूळ लिस्ट बदलली की तेही बदललेलं दिसतं. सी शार्पमध्ये नुसता प्रॉपर्टीचा टाइप आय-रीडओन्ली-लिस्ट केला आणि आतून मूळ लिस्टच दिली, तर समोरचा कास्ट करून (टाइप बदलून घेऊन) ती पुन्हा मिळवू शकतो. मी बहुतेक वेळा लिस्ट बाहेर देतच नाही. ‘व्यवहार नोंदव’, ‘शेवटचा व्यवहार’ अशा लागतील तेवढ्या मेथड देतो.

आत येतानाही हेच बघा. कन्स्ट्रक्टरला (ऑब्जेक्ट तयार करणाऱ्या कोडला) मिळालेली लिस्ट जशीच्या तशी ठेवली, तर देणाऱ्याच्या हातात तिचा रेफरन्स अजून आहे. शिवाय लिस्ट बंद केली तरी तिच्यातल्या एकेका ‘व्यवहार’ ऑब्जेक्टला रकमेचा सेटर असेल, तर जुन्या व्यवहाराची रक्कम आजही बदलता येईल. तिथले सेटरही काढा.

प्रश्न : एका खात्याच्या मेथडमध्ये दुसऱ्या खात्याचं प्रायव्हेट फील्ड वाचलं आणि कंपाइलर काहीच बोलला नाही. बग आहे का?

नाही. सी प्लस प्लस, जावा, सी शार्प यांत प्रायव्हेटची सीमा क्लासची आहे, ऑब्जेक्टची नव्हे. दोन खाती समान आहेत का हे तपासताना याचाच उपयोग होतो. स्मॉलटॉकमध्ये मात्र सीमा खरोखर ऑब्जेक्टची असते.

प्रश्न : पायथॉनमध्ये दोन अंडरस्कोअर लावले की डेटा सुरक्षित होतो का? त्यात पासवर्ड ठेवला तर चालेल?

नाही, आणि मुळीच नाही. ‘खाते’ क्लासमध्ये __शिल्लक लिहिलं, की पायथॉन त्याचं नाव बदलून _खाते__शिल्लक करतं. सबक्लासमधल्या तशाच नावाशी टक्कर होऊ नये, एवढाच त्याचा हेतू. नवं नाव लिहिलं की बाहेरूनही सरळ वाचता येतं. एक अंडरस्कोअर ही तर निव्वळ विनंती, पण पायथॉनवाले ती पाळतात.

इतर भाषाही फार पुढे नाहीत. जावा आणि सी शार्पमध्ये रिफ्लेक्शनने (चालू प्रोग्रॅममधून क्लासच्या आत डोकावायची सोय) प्रायव्हेट फील्ड वाचता येतं. जावाच्या ९ व्या आवृत्तीत, २०१७ मध्ये, मॉड्यूल आले तेव्हा त्याला काही लगाम बसला. टाइपस्क्रिप्टचं प्रायव्हेट जावास्क्रिप्ट बनताना गळूनच पडतं. जावास्क्रिप्टचं स्वतःचं हॅश-चिन्हाचं प्रायव्हेट फील्ड २०२२ च्या मानकात आलं, ते मात्र बाहेरून खरंच मिळत नाही. पण तिथेही पासवर्डला अभय नाही, कारण प्रोसेसची मेमरी ज्याला वाचता येते त्याला ही सगळी चिन्हं सारखीच. प्रायव्हेट हे चोरासाठी नसतं, घाईत असलेल्या सहकाऱ्यासाठी असतं.

प्रश्न : आधी पब्लिक फील्ड ठेवून गरज पडली तर नंतर प्रॉपर्टी केली, तर बिघडतं का?

पायथॉनमध्ये बिनधास्त करा. साधं ॲट्रिब्यूट नंतर प्रॉपर्टी झालं तरी वापरणाऱ्याची एकही ओळ बदलत नाही, त्यामुळे तिथे सुरुवातीपासून गेट-सेट लिहिणं ही जावाहून आलेली सवय. सी शार्पमध्ये मात्र तुमचा क्लास वापरणारी, आधी कंपाइल झालेली डीएलएल (लायब्ररीची फाइल) तुमच्या नव्या क्लासबरोबर चालणार नाही, ती पुन्हा कंपाइल करावी लागते. आणि जिथे फील्ड रेफने (व्हॅल्यू नव्हे, फील्डचाच पत्ता) पाठवलंय तो कोड कंपाइलच होणार नाही. तिथे आधीपासून प्रॉपर्टीच लिहा. २००७ च्या ३.० आवृत्तीपासून ती एका ओळीत होते.

जावात प्रॉपर्टी नाहीतच. १९९७ च्या जावाबीन्सपासून गेट-सेट नावांचा संकेत तेवढा आहे. न बदलणाऱ्या डेटासाठी जावा १६ पासून, म्हणजे २०२१ पासून, रेकॉर्ड आहेत आणि त्यांना सेटर नसतो. रेकॉर्डच्या आत लिस्ट असेल तर मात्र वरचा लिस्टचा प्रश्न पुन्हा वाचा. रेकॉर्ड आपणहून तिची प्रत करत नाही, ती कन्स्ट्रक्टरमध्ये तुम्हालाच करावी लागते.